पिलांची पारख

इतिहास म्हटला म्हणजे गड, तह, सनदा आणि बखरी आपल्यापुढे उभ्या राहतात. परसातली कोंबडी त्या दरबारात कोठेच नसते. तिची बखर कोणी लिहिली नाही, की तिच्या नावे कोणी इनाम दिले नाही. तरीसुद्धा दहा-बारा पिले घेऊन उकिरडा उकरणारी कोंबडी हा आपल्या खेड्याचा फार जुना घटक आहे, आणि तिच्याभोवती एक साधा प्रश्न शतकानुशतके फिरत आला आहे : अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या, मुठीत मावणाऱ्या या पिलांत तलंगा कोणत्या आणि नर कोणते? प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर गरिबाघरचे मीठ-तेल अवलंबून असते. आणि शास्त्राला जेव्हा हे उत्तर सापडले, तेव्हा जगातील कोट्यवधी पिलांचे आयुष्य एका दिवसाचे ठरले. त्या उत्तराचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

तो सांगताना मी नजरेपुढे एक गाव ठेवले आहे, ते म्हणजे भिलाईच्या उत्तरेचे नंदिनी नगर. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारताचा सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या कारखान्याच्या भट्ट्यांना लागणारी चुनखडी पुरविणारी खाण ती नंदिनीची. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी राजे रतनपुरास राहून १७५८ पासून १७८७ पर्यंत छत्तीसगडाचा कारभार पाहत होते. पुढे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर हे एकाच राज्याचे जिल्हे होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती.

खाणीच्या वसाहतीभोवती खेडी आहेत. आपण ज्याला परस म्हणतो त्याला तिकडे ‘बारी’ म्हणतात. कोंबडीला ‘कुकरी’, कोंबड्याला ‘कुकरा’ आणि पिलाला ‘चियां’. एक गोष्ट मात्र खाणीत आणि खुराड्यात समान आहे. नंदिनीची चुनखडी ज्या पदार्थाची बनलेली, त्याच कॅल्शियम कार्बोनेटचे अंड्याचे कवचही बहुतांशी बनलेले असते. अंड्यातील गर्भ शेवटच्या आठवड्यात आपल्या हाडांसाठी लागणारा चुना त्या कवचातूनच खेचून घेतो. पिलू बाहेर येते ते स्वतःचे घर थोडेसे खाऊन!

आता मूळ पुरुषाकडे वळू. आपल्या कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा होय. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने या पूर्वजाची जी उपजात निश्चित केली, ती नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या पट्ट्यातली आहे. २०२२ साली पुरातत्त्वज्ञांनी थायलंडमधील बान नॉन वाट येथील हाडे तपासून असे मत मांडले की, माणसाळलेल्या कोंबडीचा खात्रीचा सर्वांत जुना पुरावा इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातला आहे. परंतु या वंशावळीत आपल्या सह्याद्रीचाही एक वाटा आहे. घाटातल्या रानात आरवणारा करडा रानकोंबडा हा निराळ्या जातीचा पक्षी. जगातल्या असंख्य कोंबड्यांच्या पायांना व कातडीला जो पिवळा रंग असतो, तो देणारे जनुक या करड्या रानकोंबड्याकडून आले, असे २००८ साली सिद्ध झाले. म्हणजे अमेरिकेतल्या पिवळ्या पायांच्या कोंबडीतही दक्षिण भारताच्या जंगलाचा अंश आहे.

भारतीय वाङ्मयाने कोंबडीची दखल घेतली ती बहुधा निषेधाच्या स्वरूपात. मनुस्मृतीने गावकोंबडा खाणे द्विजांना वर्ज्य ठरविले. या निषेधात रानातला कोंबडा आणि गावातला कोंबडा हा भेद गृहीत धरलेला आहे, हे लक्षात घेण्याजोगे. त्याहून बोलका पुरावा अशोकाचा. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात त्याने अवध्य प्राण्यांची यादी दिली, आणि कोंबड्यांचे खच्चीकरण करू नये, अशी आज्ञाही केली. राजाला एखादी गोष्ट मना करावी लागते, याचा अर्थ ती गोष्ट सर्रास चालत असली पाहिजे. खच्चीकरण करावयाचे ते वयात येण्यापूर्वी. तेव्हा कोवळ्या पिलांतून नर निवडण्याची कला तेवीसशे वर्षांपूर्वी आपल्याकडे अवगत होती, असे अनुमान खुशाल काढावे.

परंतु कोवळे पिलू म्हणजे महिना-दीड महिन्याचे. एक दिवसाच्या पिलाचे काय? येथे जुन्या जगातले मोठमोठे पंडित अडखळले. ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले की लांबट, टोकदार अंड्यातून मादी निघते आणि गोलसर अंड्यातून नर. पुढे रोमन कोलुमेलाने नेमके उलट सांगितले. दोन्ही मते पुढील पिढ्यांनी आदराने वाचली, आणि कोंबड्या दोन्ही मतांकडे दुर्लक्ष करून निम्मे नर व निम्म्या माद्या देत राहिल्या.

खेड्यातील बाईने असल्या वादात वेळ घालविला नाही. तिची पारख निरीक्षणावर उभी होती. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे तिला टोपलीत गवतावर अंडी मांडून बसवावयाचे; एकविसाव्या दिवशी पिले निघतात, ती डालग्याखाली झाकून घार-कावळ्यांपासून आणि मुंगसापासून राखावयाची. चौथ्या ते आठव्या आठवड्यात फरक दिसू लागतो. नराचा तुरा लवकर वाढतो आणि त्यावर लाली चढते. पाय जाड होतात. शेपटीची पिसे उशिरा येतात. तलंग लवकर अंगभर पिसारते आणि तिचा तुरा फिकट राहतो. दहा-बारा आठवड्यांनी तर संशयाला जागाच नसते : नराच्या मानेवर आणि पाठीच्या उतारावर टोकदार, चकचकीत पिसे येतात, तर तलंगेची तीच पिसे टोकाला गोलसर असतात. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, तसे नराचे नरपणही मग झाकून राहत नाही. एके पहाटे तो घशातल्या घशात आरवू लागतो.

तथापि या खुणाही जातीजातीप्रमाणे बदलतात. छत्तीसगड, ओडिशा आणि आंध्रच्या टापूत असील ही झुंजार जात आहे. बस्तरच्या बाजारांत तिच्या झुंजी लागत आल्या आहेत. असीलचा तुरा मुळातच आखूड आणि घट्ट असतो. ज्याने केवळ मोठ्या एकेरी तुऱ्याच्या कोंबड्या पाहिल्या, तो असीलच्या पिलांपुढे फसावयाचा. त्या पिलांत पायांचे हाड, उभे राहण्याची ढब आणि पिसांचे टोक हेच साक्षीदार धरावे लागतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी या घरगुती विद्येला प्रयोगशाळेने गाठले. इंग्लंडात बेटसन आणि पनेट, अमेरिकेत स्पिलमन, यांनी १९०८ च्या सुमारास एक चमत्कारिक गोष्ट दाखविली. मनुष्यात मुलगा की मुलगी हे पित्याच्या गुणसूत्रावर ठरते. पक्ष्यांत ते मातेवर ठरते. शिवाय मातेचे एक विशिष्ट गुणसूत्र तिच्या फक्त पुत्रांनाच मिळते, कन्यांना मिळत नाही. आता समजा, पट्टेदार प्लायमाउथ रॉक कोंबडीला तांबडा ऱ्होड आयलंड कोंबडा दिला. पट्ट्यांचा गुण आईच्या त्या गुणसूत्रावर असतो. म्हणून सर्व पुत्रांच्या डोक्यावर जन्मतःच पांढरट ठिपका येतो, आणि कन्यांच्या डोक्यावर तो नसतो. एका दिवसाच्या पिलाची पारख अशा रीतीने प्रथमच निश्चित झाली. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई पडली, तेव्हा पनेटने या युक्तीचा उपयोग सुचविला. ज्या नरांना पोसावयाचे नाही ते पहिल्याच दिवशी वेगळे काढता यावेत, हा त्यामागील हिशेब. पंखांच्या पिसांचीही अशीच युक्ती आहे : योग्य जोडी लावली तर पहिल्या दिवशी तलंगांच्या पंखांची पिसे लांब आणि नरांची आखूड दिसतात. मात्र ही युक्ती आई-बाप ठाऊक असतील तरच चालते. आणि त्याच पिलांची पुढची पिढी घेतली की खूण बिनभरवशाची होते.

दुसरी वाट जपानने शोधली. मासुई आणि हाशिमोतो या शास्त्रज्ञांनी पिलाच्या गुदद्वाराच्या आतील एका सूक्ष्म उंचवट्यावरून नर-मादी ओळखण्याची पद्धत बसविली. १९२७ साली कॅनडात ओटावा येथे भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेत ती जगापुढे आली. ज्याला आई-बापांची माहिती नको, रंगाची अट नको, अशी ही विद्या. परंतु ती बोटांत आणि डोळ्यांत मुरण्यास मोठा सराव लागतो. जपानात तिच्या शाळा निघाल्या, आणि तेथील निष्णात पारखी अमेरिका, कॅनडा व ब्रिटनमध्ये बोलावले जाऊ लागले. मुरलेला पारखी ताशी हजाराच्या आसपास पिले तपासतो आणि त्याची चूक शेकडा एक-दोनच होते. विशेष हे की, आपण नेमके काय पाहिले हे यांतील पुष्कळांना शब्दांत सांगता येत नाही. ज्ञान हे सदैव वाक्यांत मावतेच असे नाही, याचे उदाहरण म्हणून तत्त्वज्ञ या पारख्यांचा दाखला देतात.

या विद्येने जग बदलले. अंड्यांची कोंबडी आणि मांसाची कोंबडी असे दोन स्वतंत्र वंश झाले. अंड्यांच्या वंशातला नर अंडी देत नाही आणि मांसही बेताचे देतो. हिशेबाच्या वहीत तो केवळ खर्च. म्हणून पारख झाल्याबरोबर त्याला मारून टाकण्याची प्रथा पडली. जगभर दरवर्षी अशी अब्जावधी पिले जन्मदिनीच नाहीशी होत आली. याविरुद्ध अखेर लोकमत जागे झाले. जर्मनीने २०२२ च्या आरंभापासून ही हत्या कायद्याने बंद केली आणि फ्रान्सनेही त्याच सुमारास तसेच पाऊल उचलले. आता तेथे अंड्यातच लिंग ओळखण्याची यंत्रे वापरली जातात. अंड्याकडे पाहून उत्तर सांगण्याचा ॲरिस्टॉटलचा हट्ट असा निराळ्या मार्गाने पुरा झाला.

आपल्या देशात हा प्रवाह कसा आला? संयुक्त प्रांतात एटा येथे अमेरिकन मिशनऱ्यांनी १९१२ च्या सुमारास सुधारित कोंबड्यांचे केंद्र काढले. इज्जतनगर येथे १९३९ साली कुक्कुट संशोधनाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला. मध्यंतरी १९२७ च्या सुमारास कुमाऊँतील राणीखेत येथे कोंबड्यांची भयंकर साथ उद्भवली. इंग्लंडात न्यूकॅसल येथे नुकताच आढळलेला रोग तो हाच; परंतु आपल्याकडे त्याला राणीखेत हेच नाव पडले, आणि मराठी मुलखात लोक त्याला मानमोडी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांची खुराडी तो एका आठवड्यात ओस पाडतो. मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या लसीने त्याला पायबंद घातला. पिलाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात वा नाकात लसीचा थेंब, आणि दोन महिन्यांनंतर टोचणी, एवढ्या खर्चात ही आपत्ती टळते.

स्वातंत्र्यानंतर दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत कुक्कुटविकासाचा अखिल भारतीय कार्यक्रम हाती घेण्यात आला. देशी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. विलायती लेगहॉर्नच्या आकड्यांपुढे ती फिकी पडली. गावोगावी जातिवंत कोंबडे देऊन गावठी नर बाजूला काढावेत, असा उपदेश सुरू झाला. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वर हॅचरीज स्थापन केली, आणि पुढे पुणे हे या धंद्याचे मोठे केंद्र झाले. या उद्योगाने अंडे सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले, हे त्याचे ऋण नाकारता येणार नाही. परंतु अंड्यांच्या संख्येसाठी निवड करता करता लेगहॉर्नचा खुडूक बसण्याचा गुणच नाहीसा झाला. म्हणजे तिला पिले उबवून वाढविता येत नाहीत. परसातल्या बाईला त्यासाठी दर वेळी बाजाराकडे पाहावे लागते. ही उणीव ध्यानात आल्यावर हैदराबादच्या संशोधन संस्थेने वनराजासारखे रंगीत, काटक पक्षी परसासाठी मुद्दाम तयार केले. तथापि या संकरित पक्ष्यांचीही पिले पुनःपुन्हा केंद्रातूनच आणावी लागतात.

पिले केंद्रातून आली म्हणजे आईची जागा माणसाने घ्यावयाची. पहिल्या आठवड्यात पिलाला सुमारे ३५ अंश उष्णता लागते, आणि पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी उतरवीत न्यावी लागते. त्यासाठी यंत्राची गरज नाही. पिले दिव्याखाली एकमेकांवर रेटत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. दिव्यापासून दूर, चोच उघडून बसली असतील तर उष्मा होतो आहे. सर्वत्र विखरून दाणे टिपत असतील तर सारे ठीक आहे. आणखी एक गोष्ट चुनखडीच्या मुलखात सांगितलीच पाहिजे. अंड्यावरच्या कोंबडीला कवचासाठी चुन्याचा खुराक भरपूर लागतो. तोच खुराक पिलाला घातला तर त्याचे मूत्रपिंड बिघडते. आईचे अन्न पिलाला मानवत नाही ते असे.

आता ज्या कारणासाठी ही सारी हकीकत सांगितली, त्याकडे येतो. पिलाची पारख म्हणजे केवळ नर-मादीची पारख नव्हे. जातीची पारखही तितकीच महत्त्वाची झाली आहे. मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या वेळी छत्तीसगडातील दंतेवाड्यानेही आपला दावा मांडला होता. काळे मांस, काळी जीभ, काळे पाय, यांमुळे या पक्ष्याला मोठा भाव आला आणि भावामागोमाग भूलथापाही आल्या. २०१९ साली सांगली जिल्ह्यातील इस्लामपुरात कडकनाथ पालनाच्या योजनेतील फसवणुकीचे प्रकरण राज्यभर गाजले, आणि अनेक शेतकऱ्यांची पुंजी त्यात अडकली. कडकनाथाचे एक दिवसाचे पिलू निळसर काळे, पाठीवर अनियमित गडद पट्टे असलेले असते. परंतु काळेपणाचा हा गुण प्रभावी आहे. संकरातही तो कमीअधिक प्रमाणात उतरतो. तेव्हा केवळ काळ्या रंगावरून वंशाची शुद्धता ठरत नाही. आई-बाप कोण, हे ज्याला सांगता येत नाही, त्याचे पिलू जातिवंत म्हणून विकत घेऊ नये.

आम्हा सरकारी माणसांच्या तक्त्यांत परसातली कोंबडी हा एक रकाना आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील कोंबड्यादी पक्ष्यांची संख्या ८५ कोटी १८ लाख भरली. त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातले होते. आणि मागील गणनेच्या तुलनेत व्यापारी पक्षी शेकडा साडेचारच्या आसपास वाढले असता परसातले पक्षी शेकडा पंचेचाळीसहून अधिक वाढले. ज्या पक्ष्याचा काळ संपला असे योजनांनी गृहीत धरले होते, तो असा वाढता निघाला. याचे कारण शोधावयास फार लांब जावयास नको. परसात नराला किंमत आहे. तो आठवडेबाजारात विकला जातो, पाहुण्याच्या ताटात येतो, देवाच्या नवसाला जातो. मुलाची वही आणि औषधाची बाटली त्याच्या पैशांतून येते. तो दाणे वेचतो ते सांडलेले, किडे खातो ते उकिरड्यावरचे. कारखान्याच्या वहीतला खर्च बारीच्या हिशेबात जमेच्या बाजूला पडतो. पारख तीच, पण तिचा निकाल दोन ठिकाणी दोन प्रकारचा लागतो.

परंतु हा हिशेब नाजूक आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा देशातील पहिला उद्रेक झाला, आणि पाठोपाठ जळगाव जिल्ह्यातील खेड्यांत परसातल्या कोंबड्यांत तो आढळला. रोग आवरण्यासाठी त्या भागातील मोठ्या कोंबडीघरांबरोबर परसातली खुराडीही रिकामी करावी लागली. ते आवश्यकच होते. तथापि अशा वेळी व्यापाऱ्याकडे पक्ष्यांची नोंद असते, विमा असतो. डालग्याखालच्या पिलांची नोंद कोठेच नसते. जो वंश त्या गावाच्या हवेत शेकडो वर्षे टिकला, तो कोणता होता हे लिहून ठेवलेले नसल्यामुळे, एकदा गेल्यावर तो पुन्हा मागविताही येत नाही.

दुर्गजवळ अंजोरा येथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे, नागपुरास १९५८ पासून आहे. नंदिनीसारख्या गावांची बारी आणि विदर्भातले परस यांच्या मध्ये असलेल्या या संस्थांनी एक लहानसे काम मनावर घ्यावे असे वाटते. कोणत्या घरी कोणत्या रंगाची, कोणत्या तुऱ्याची कोंबडी खुडूक बसते, तिची किती पिले जगतात, याची साधी वही गावोगाव ठेविली जावी. पिलांच्या बोटांमधील चार पडद्यांना बारीक छिद्रे पाडून सोळा वेगवेगळ्या खुणा करता येतात. एवढ्यावर गावातल्या साऱ्या पिढ्यांचा माग काढता येईल. ही वही लिहिणाऱ्याने प्रश्न मात्र घरातल्या बाईला विचारावेत, घराबाहेर बसलेल्या पुरुषाला नव्हेत. कारण त्या वहीत जे जे भरावयाचे, ते बहुतेक तिला आधीच ठाऊक असते.